मोठी पात्रं जादूने तान्ही बाळं होतात: असा कार्टूनचा भाग नीट कसा बांधायचा?

रेषेबाहेर
जादू पडते आणि मोठी माणसं एकदम बाळं होतात. कार्टूनमधला हा जुना आणि मुलांना हमखास आवडणारा विषय. तरीही असे बरेच भाग पहिल्या धमालीनंतर ढेपाळतात. माझं मत असं की चूक विनोदात नसते, तयारीत असते. मोठ्या माणसाचंच चित्र लहान करून त्याला लंगोट नेसवला की झालं बाळ, असं धरून चालतात. मग ते बाळ वाटत नाही, बुटका माणूस वाटतो.

चर्चेसाठी ११ मिनिटांचा भाग धरू. पात्रं चार: उंच काटकुळा पोस्टमन, मिशाळ पैलवान, अंबाडा आणि चष्मा असलेल्या बाई, ढेरपोट्या हलवाई. पाचवा दहा वर्षांचा मुलगा, त्याच्यावर जादू होत नाही. टूडी कटआउट (चित्राचे सुटे भाग हलवून केलेलं ॲनिमेशन), सेकंदाला २४ फ्रेम.

विचारायचं आहे ते हे: बाळ नेमकं किती महिन्यांचं करावं? आठवणी शाबूत ठेवाव्यात का? आणि मिशी, उंची, अंबाडा गेल्यावर कोण कुठलं हे प्रेक्षकाला कळणार कसं?

टोपरं
वय आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. साधारण हिशोब असा: तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरतं, सहाव्याच्या आसपास बसायला लागतं, सात ते दहा महिन्यांत रांगतं, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकतं. तीन महिन्यांचं बाळ दाखवलंत तर पात्र जागचं हलणारच नाही, त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागेल. दीड वर्षाचं दाखवलंत तर ते पळतं, आणि 'अरे, हा तर बाळ झाला' हा धक्काच बोथट होतो. नऊ-दहा महिने सगळ्यात सोयीचे. रांगता येतं, धरून उभं राहता येतं, चिमटीत वस्तू पकडता येते (त्याआधी अख्खी मूठच वळते), पण बोलता येत नाही.

हातांची लांबी मात्र नक्की सांभाळा. पूर्वी शाळेत घालताना मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. सहाएक वर्षांचं झाल्याशिवाय तो हात पोचत नाही. मग दहा महिन्यांच्या बाळाचा हात जेमतेम टाळूपर्यंत जाणार. बाळाने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलंय असं चित्र काढलं की ते तिथेच खोटं पडतं.

चौकट_चोवीस
वरच्याला जोड म्हणून प्रमाणं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या पाव असतं, मोठ्या माणसाचं सात-साडेसातावा भाग. कार्टूनमध्ये बाळ अडीच ते तीन डोक्यांचं धरतात. पण डोकं मोठं केल्याने काम भागत नाही, चेहऱ्यातली मांडणी बदलावी लागते. मोठ्यांचे डोळे कवटीच्या बरोबर मध्यावर येतात, बाळाचे मध्याच्या खाली. म्हणजे कपाळ वाढतं आणि डोळे, नाक, तोंड खालच्या अर्ध्या भागात गोळा होतात. चेहऱ्याचा सर्वांत रुंद भाग मोठ्यांत गालफडाच्या वर, बाळात गालांपाशी, जवळजवळ तोंडाच्या ओळीत. मान दिसतच नाही. बोटांच्या पेरांवर हाडं नकोत, खळ्या हव्यात. मनगटाला एक वळी पुरे.

मोठं कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल यांनी माणसात वात्सल्य जागं होतं, हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये मांडलं. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्डने पुढे मिकी माउसची जुनी-नवी चित्रं मोजून दाखवलं की काही दशकांत त्याचे डोळे डोक्याच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मिकीला कोणी बाळ केलं नव्हतं, तो आपसूक त्या दिशेने सरकत गेला.

शाईचा_डाग
@चौकट_चोवीस, हे मोठ्या पात्रांना लागू. आपल्याकडच्या बऱ्याच मालिकांत मूळ पात्रच तीन डोक्यांचं असतं. त्याला अजून बाळ करायला जागा कुठे उरते?

चौकट_चोवीस
तिथे डोक्याला हात लावायचा नाही. पाय निम्मे करायचे, मान काढायची, नाकडोळे एक टप्पा खाली आणायचे, दोन डोळ्यांतलं अंतर वाढवायचं आणि चेहऱ्यावरच्या रेषा कमी करायच्या. रेषा जितकी कमी तितकं वय कमी. भुवई जाड असेल तर ती बारीक, आखूड करा, पण तिचा कोन तोच ठेवा. ओळख कोनात राहते.

रेषेबाहेर
भुवईचा कोन पटला. पण पैलवानाच्या मिशीचं काय? चार पात्रांत सर्वांत ठळक खूण तीच आहे.

काळीपांढरी
बाळाला मिशी काढू नका. एका दृश्यापुरतं हसू येतं, पण पुढे भागभर तो मिशीवाला बुटका दिसत राहतो आणि बाळ विसरलं जातं. खूण दुसरीकडे न्या. मिशीच्या पिळाचा आकार कपाळावरच्या जावळाला द्या, दोन्ही बाजूंना वळलेला. बाईंच्या अंबाड्याजागी टाळूवर एकच शेंडी, त्याच उंचीवर. चष्मा तोच ठेवा, फक्त नाकावरून घसरणारा. मुलाने तो दोऱ्याने डोक्यामागे बांधला की एक प्रसंगही मिळतो. हलवाई सोपा आहे. पोट सगळ्याच बाळांना असतं, त्यामुळे त्याची खूण पोटात न ठेवता बसण्यात ठेवा: मांडी घालून, हात गुडघ्यांवर, दुकानात गल्ल्यावर बसतो तसा.

चौघांच्या उंचीतला फरक पूर्ण घालवू नका. बाळं सारख्या उंचीची असतात हे खरं, पण पोस्टमन इतरांपेक्षा दहाएक टक्के लांबट ठेवला की चौकडीची बाह्याकृती वाचता येते. मॉडेल शीट (पात्र नेमकं कसं काढायचं ते ठरवणारा नमुना तक्ता) झाल्यावर चौघांना काळ्या रंगाने भरून पाहा. नुसत्या सावलीवरून नावं सांगता आली नाहीत तर शीट परत करा.

गोदाकाठ
मी उलटी बाजू मांडतो. मोठ्यांची बाळं झाल्याची आपल्याकडची सर्वांत परिचित कथा दत्तजन्माची, गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रींच्या आश्रमात येतात, अनसूयेपुढे अवघड अट ठेवतात आणि तिच्या पातिव्रत्याच्या बळाने तिघं बाळं होतात. ती त्यांना पाजते, पाळण्यात घालते. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीचा पाळणा म्हणतात तो याच प्रसंगाचा. कीर्तनात पुढचा भाग रंगतो: तिन्ही देवी नवऱ्यांना शोधत येतात आणि पाळण्यातलं कुठलं बाळ आपलं ते त्यांना कळत नाही.

इथे बाळं ओळखू आली तर कथाच मोडते. पाळण्यातल्या शिवाला जटा आणि विष्णूला शंख देऊन बसलं तर देवींचं गोंधळणं हास्यास्पद ठरेल. तेव्हा 'ओळखू आलंच पाहिजे' हा नियम सरसकट नाही. गोष्टीला काय हवं ते आधी पाहा.

काळीपांढरी
@गोदाकाठ, देवींना कळू नये हे मान्य. पण प्रेक्षकाला काहीच कळलं नाही तर तो तीन सारख्या गोळ्यांकडे किती वेळ पाहणार?

गोदाकाठ
म्हणून मॉडेल एकच, वागणं वेगळं. एक बाळ सारखं चारी दिशांना मान फिरवतं. दुसरं पायाचा अंगठा तोंडात घालून पडलेलं, वटपत्रावरच्या बालमुकुंदासारखं. (सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळं खरंच पाय पकडून तोंडात घालतात, म्हणजे वयही जुळतं.) तिसरं खिडकीतल्या चंद्राकडे हात करतं. देवी गडबडीत आहेत, त्यांना हे दिसत नाही. सावकाश पाहणाऱ्या मुलाला दिसतं, आणि त्याला ते स्वतः शोधल्याचा आनंद होतो.

रेषेबाहेर
हे फार छान. आमच्या चौकडीलाही चालेल: पहिल्या दोन मिनिटांत मोठेपणीच्या लकबी पेरायच्या आणि बाळ झाल्यावर त्याच काढायच्या. पोस्टमन बाळ हाताला येईल तो कागद दाराच्या फटीतून आत सारतं, वगैरे.

पडद्यामागचा
आता आठवणींचा प्रश्न. तीन वाटा आहेत. मन मोठं आणि शरीर बाळाचं. मनही बाळाचं. किंवा मन हळूहळू विरत जातं. पहिल्या वाटेत संवाद मिळतात, पण बाळपण वरवरचं राहतं. दुसरीत सगळा भार न बदललेल्या पात्रावर येतो. तिसरी ११ मिनिटांना सर्वांत चांगली, कारण घड्याळ आपोआप लागतं: सगळं विसरायच्या आत उतारा सापडला पाहिजे.

आणि जादूचा नियम एका वाक्यात सांगता यायला हवा. डोरेमॉनमधलं काळ मागेपुढे करणारं फडकं पाहा. एका बाजूने गुंडाळलं की वस्तू जुनी होते, उलटवलं की नवी. नियम वस्तूतच दिसतो, समजवायला संवाद लागत नाही.

जस्टिस लीग अनलिमिटेडचा २००४ चा 'किड स्टफ' हा भाग शेवटासाठी अभ्यासावा. मॉर्ड्रेड हा खलनायक मुलगा जादूने सगळ्या मोठ्यांना जगाबाहेर घालवतो. मोठ्यांना परत येता येत नाही म्हणून सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, ग्रीन लँटर्न मुलं होऊन परततात. त्यांचा राक्षस साथीदार एट्रिगन मात्र थेट तान्हं बाळ होतो, त्याला सांभाळतच लढावं लागतं. शेवटी मुलं मॉर्ड्रेडला डिवचतात, तो तोऱ्यात स्वतःला मोठा करून घेतो आणि त्याचाच नियम त्याच्यावर उलटतो. उतारा बाहेरून आलेला नाही, पहिल्या मिनिटांत सांगितलेल्या नियमातूनच निघाला.

शाईचा_डाग
त्याहून जुनं उदाहरण: स्टार ट्रेकच्या ॲनिमेटेड मालिकेचा १९७४ चा शेवटचा भाग. काळ उलटा वाहणाऱ्या विश्वात यान शिरतं आणि सगळे लहान होत जातात. यानावर निवृत्तीला आलेला कमोडोर रॉबर्ट एप्रिल पाहुणा आहे. बाकीचे मुलं होतात तेव्हा तो तरुण झालेला असतो, म्हणून यान तोच चालवतो. वय घटण्याच्या गोष्टीत एक म्हातारं पात्र ठेवण्याचा हा उपयोग. @रेषेबाहेर, तुमच्या दहा वर्षांच्या मुलाऐवजी पंचाऐंशीची आजी घेऊन पाहा. जादू तिच्यावरही होते, पण ती तिशीची होते आणि चार बाळांना सांभाळायला गावातली सर्वांत अनुभवी बाई मिळते.

रेषेबाहेर
आजी घेतली. मुलगाही ठेवतो, त्याच्यावर जादू झाली तर तो उरणारच नाही!

आवाजकी
आवाजाकडे कोणी वळलेलं नाही. मोठ्या नटाचा आवाज सॉफ्टवेअरने वर चढवून बाळ होत नाही. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १२० हर्ट्झ, बाळाचं रडणं ४००-५०० च्या घरात. एवढं ताणलं की आवाज खारीसारखा होतो. तीन-चार सेमीटोनच्या पुढे जाऊ नका, आणि फॉर्मंट (घसा-तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणारे स्वर) वेगळे सरकवण्याची सोय असेल तर ते वेगळे सरकवा. बाळाची स्वरनलिका आखूड असते, फरक तिथून कळतो. त्याहून बरं म्हणजे दुसरा कलाकार घेणं. किड स्टफमध्ये लहान वंडर वुमनला डकोटा फॅनिंगचा आवाज आहे. डिटेक्टिव्ह कोनानमध्ये शिनिचीच लहान होऊन कोनान बनतो, तिथेही मोठ्या शिनिचीचा आणि लहान कोनानचा आवाज वेगवेगळ्या कलाकारांचा.

बाळाला बोलतं करायचंच असेल तर बोबड्या बोलांना नियम असतो, मनाला येईल तशी अक्षरं बदलू नका. 'क'चा 'त' होतो, 'र'चा 'ल' होतो, जोडाक्षर सुटून एकच व्यंजन उरतं. 'काका, पत्र' हे 'ताता, पत' होईल. एकदा ठरवलं की भागभर तेच. एका वाक्यात 'ल' आणि पुढच्यात स्वच्छ 'र' आला की लहान मुलंसुद्धा पकडतात.

पेगबोर्ड
त्यालाच जोडून ओठांच्या हालचालींचा तक्ता. 'फ' आणि 'व'च्या आकारात वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले असतात. बिनदाताच्या बाळाला तो आकार लावला की दात दिसतात. तो काढून ओठ मिटलेला आकार वापरा. 'ई'च्या आकारातली दातांची पट्टी काढून तिथे हिरडीची एक रेघ द्या.

रिगबद्दल, म्हणजे पात्र हलवायच्या सांगाड्याबद्दल. मूळ रिग चाळीस टक्के करून वापरू नका. पहिली अडचण रेषेची: सगळं लहान केलं की रेषा बारीक होते आणि बाळ मागच्या चित्रात विरतं. हार्मनी या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिल लाइनची जाडी स्केलपासून मोकळी ठेवता येते, पण ब्रशने काढलेल्या रेषांना ते लागू नाही. दुसरी अडचण गुडघ्याची. इतक्या आखूड पायांना आयके (पाऊल ओढलं की गुडघा आपोआप वळवणारी सोय) लावला की पाय पूर्ण ताणला जातो तेव्हा गुडघा झटका खातो. बाळाच्या पायांना साधा बेंड डिफॉर्मर (चित्र वाकवणारी सोय) लावा, आयके नकोच. तिसरं, बाळांचा मिळून एकच मूळ रिग बांधा आणि जावळ, भुवया, कपडे बदलून चार करा. थरांची नावं चौघांत अक्षरशः तीच ठेवा, म्हणजे एकाची रांगण्याची सायकल (पुन्हा पुन्हा फिरवायची हालचाल) दुसऱ्यावर चिकटवता येते.

चौकट_चोवीस
सायकलींचे आकडे देतो. मोठ्याचं पाऊल १२ फ्रेम धरतो, तर नुकतं चालायला लागलेल्या बाळाचं ६ ते ८. पाय फाकलेले, हात खांद्याच्या वर, कंबर हलत नाही, वजन डावी-उजवीकडे झुलतं. थांबता येत नाही म्हणून ते बसतं, थेट ढुंगणावर, दोन फ्रेममध्ये. रांगण्यात उजवा हात आणि डावा गुडघा जोडीने पुढे जातात, पूर्ण चक्र १६ ते २० फ्रेम. वळताना आधी डोकं वळतं, मग खांदे, मग बूड घसटत येतं. ते उलटं केलं की बाळ नसून कुत्र्याचं पिल्लू वाटतं.

श्वासही बदला. मोठा माणूस मिनिटाला पंधराएक श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला ९६ फ्रेम. बाळाचे मिनिटाला ४० धरले तर ३६ फ्रेम, आणि हालतं पोट, छाती नाही.

टोपरं
पापण्याही! मोठी माणसं मिनिटाला साधारण पंधरा वेळा डोळे मिचकावतात, बाळं दोन-तीनदाच. मॉडेल स्थिर असताना ते जिवंत वाटावं म्हणून दर दोन सेकंदांना पापणी टाकायची सवय असते, बाळाच्या बाबतीत ती मोडा. एकटक पाहणं हीच बाळाची खूण. अश्रूंचंही तसंच. अगदी नवजात बाळाला रडताना अश्रू येत नाहीत, ते एक-दोन महिन्यांनंतर दिसायला लागतात. नऊ महिन्यांच्याला कारंजं उडवा, हरकत नाही.

दुपटं_कडेपट
कपड्यांचा नियम कोणी सांगेल का? ते सोबत लहान होतात की मोठेच राहतात?

काळीपांढरी
दोन्ही चालतं, पण चौघांना एकच नियम. सोबत लहान झाले तर रंग टिकतो, ओळख सोपी जाते, काम कमी. मोठेच राहिले तर जमिनीवर पडलेल्या खाकी सदऱ्यातून बाळाचं डोकं वर येतं हे दृश्य मिळतं, पण पुढच्याच प्रसंगात त्यांना काय घालणार हे कथेत दाखवावं लागतं. झबली कुठून आली? आजी जुन्या लुगड्याची दुपटी फाडते, त्यावर आठ-दहा सेकंद जातात. माझी शिफारस मोठेच ठेवण्याची, कारण परत मोठं व्हायच्या वेळी अंगावर दुपटं असणं ही खरी अडचण ठरते आणि ती शेवटच्या मिनिटाला उपयोगी पडते.

पडद्यामागचा
प्रत्यक्ष बदलाच्या क्षणाबद्दल. आठ फ्रेम दचकण्याच्या, दोन फ्रेम वर ताणलेलं चित्र, मग धूर. धुराने पात्र पूर्ण झाकलं जाईल त्याच फ्रेमला मॉडेल बदला. धूर १२ ते १६ फ्रेम टिकू द्या, बाळ धुरातून दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू द्या. शेवटी सहा फ्रेममध्ये डोक्याचं वजन डुलत स्थिरावतं.

झगमगाट मात्र जपून. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत. चार पात्रं एकामागोमाग बदलत असतील तर चार लखलखाट एकाच सेकंदात येणार नाहीत हे टाइमलाइनवर मोजून घ्या. गडद लाल रंग तर टाळाच.

गोदाकाठ
लुगड्याच्या दुपट्याला अनुमोदन. चौघांना चार काठांची दिलीत तर ओळखीलाही मदत.

शाईचा_डाग
आणि कॅमेरा! मोठ्यांचं क्षितिज दीड मीटरवर, रांगणाऱ्या बाळाचं तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे मालिकेची तयार पार्श्वभूमीचित्रं बाळाच्या नजरेच्या दृश्यांना वापरता येत नाहीत, नवी काढावी लागतात. खर्च इथेच वाढतो. खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर, टेबल ७५, वर्षाच्या बाळाची उंचीही साधारण ७५. टेबलाखाली ते जेमतेम उभं राहतं, हा आकडा आराखड्यावर लिहून ठेवा. १९८४ च्या मपेट बेबीज या कार्टून मालिकेत आयेचा चेहरा कधी दिसत नाही, फक्त खांद्यांखालचा भाग, पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यांसकट. एवढ्यावर बाळांची उंची कळते आणि आयेच्या चेहऱ्याचं कामही वाचतं.

रेषेबाहेर
म्हणजे नऊ-दहा महिने, मन विरत जाणारं, कपडे मोठेच, आजी तिशीची, खुणा जावळात आणि लकबीत. नवी पार्श्वभूमीचित्रं किती लागतील याचा अंदाज द्याल का?

शाईचा_डाग
जागा दोनच ठेवा, आजीचं स्वयंपाकघर आणि हलवायाचं दुकान. प्रत्येकीची खालून तीन: समोरून, दारातून, टेबलाखालून. सहात भाग निघेल. आजीच्या नजरेची दृश्यं जुन्या चित्रांवर घ्या, तिची उंची बदललेली नाही.

पेगबोर्ड
टेबलाखालचं चित्र दोन थरांत काढा, टेबलाचे पाय वेगळे. चौघं त्यांच्यामागून रांगत जाताना लागतील.